तपासलेला पाय

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाजीच्या पायाखाली काजूची बी फुटली आणि त्याला ती कळली नाही.

गोव्यातल्या लाटंबार्शात मधुकरच्या दारूभट्टीवर काजूचे बोंडू मळण्याचा हा त्याचा तिसावा हंगाम. जांभ्या दगडात कोरलेला गुडघाभर खोल हौद, त्यात टोपल्यांनी ओतलेले पिवळे-तांबडे बोंडू, आणि वर आडव्या बांधलेल्या बांबूला दोन्ही हातांनी धरून बाबाजी पाय चालवायचा. या कामात हातांना फक्त धरून राहायचं असतं. काम करतो तो तळपाय. कुठला बोंडू पिकलेला, कुठला कडक, देठ कुठे राहिलं, खडा कुठून आला, हे सगळं त्याला खालूनच समजायचं. बी तर लगेच लागते. ती बोंडाच्या बुडाला लटकलेली असते, पिळून काढल्याशिवाय बोंडू हौदात टाकत नाहीत. एखादी राहून गेलीच तर मळणारा थांबतो, वाकतो आणि ती काढून बाहेर फेकतो. सालीतला चीक कातडी जाळतो, हे त्या गावात चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं.

रसावर काळपट तवंग दिसला तेव्हा बाबाजी थांबला. त्याने उजवा पाय उचलून गुडघ्यावर घेतला. अंगठ्याच्या मागच्या जाड भागात सालीचा तुकडा रुतून बसला होता आणि भोवतीची कातडी करपल्यासारखी काळी झाली होती. किती वेळ तो त्याच्यावर उभा होता कोण जाणे. त्याने नखाने तुकडा उपटला. तेव्हाही काही लागलं नाही.

हौदापलीकडे फणसाच्या सावलीत त्याची बायको कमलाक्षी ढिगापाशी बसून बिया पिळत होती.

"थांबलास कित्याक?" तिने मान वर न करता विचारलं.

"देठ लागला."

तुकडा त्याने झुडपात फेकला. करवंटीने तवंग काढून टाकला आणि पुन्हा बांबू धरला.

साखर त्याला बारा वर्षांपासून होती. दोन वर्षांमागे पायांना मुंग्या यायला लागल्या, मागच्या पावसात मुंग्याही यायच्या बंद झाल्या. त्याला तेव्हा बरंच वाटलं होतं. पुढे एकदा वहाण पायातून निसटून वाटेत पडली आणि तो घरापर्यंत तसाच चालत आला, तेव्हा त्याला काय ते समजलं. त्याने कोणाला सांगितलं नाही. मळणाऱ्याच्या पायाला कळत नाही म्हणजे काय, हे सांगायची सोय नव्हती.

त्यात मधुकरच्या घरची रीत. हंगामाच्या पहिल्या दिवशी मधुकरची म्हातारी आई, तारा, तांब्या घेऊन हौदापाशी यायची आणि मळणाऱ्याच्या पायांवर पाणी घालायची. बाबाजी दर वर्षी मागे सरायचा, "आवशी, नको गे," म्हणायचा. म्हातारी ऐकायची नाही. यंदाही तिने पाणी घातलं होतं, थरथरत्या बोटांनी दोन्ही अंगठ्यांना कुंकू लावलं होतं. पाणी गार होतं की कोमट, ते बाबाजीला सांगता आलं नसतं.

*

चार दिवसांत तिथे भोक पडलं. जुन्या चार आण्याएवढं, कडा पांढऱ्या, आत लाल. बाबाजी विहिरीवर पाय धुवायचा, पिवळं मलम भरायचा, जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळायचा. सकाळी भट्टीवर जाताना चिंधी असायची, हौदात उतरण्याआधी ती काढून तो कनवटीला लावायचा. रसाच्या आंबटपणाने जखम धुऊन निघाल्यासारखी पांढरी दिसायची. बरी होते आहे, असं तो रोज स्वतःला सांगायचा.

एकदा त्याने पायावर प्लास्टिकची पिशवी बांधून बघितली. मधुकर रस उकळायच्या भाणाखालचा विस्तव ओढत होता, तो तिथूनच हसला.

"बाबाजी, पिशयेन मळतलंस तर मी मशीनच हाडतंय मरे. लोकांका तुझ्या पायाचो उराक होयो."

ते खरंच होतं. गावात आता तीन ठिकाणी दाबयंत्रं आली होती. मधुकरकडे माणसं यायची ती पायाने मळलेल्या रसाचा उराक, पहिल्या धारेची दारू, मिळतो म्हणून. डिचोलीहून यायची, म्हापशाहून यायची. एका रविवारी पणजीहून एक जोडपं आलं. बाईने फोन काढून बाबाजीच्या पायांचा व्हिडिओ घेतला.

"काका, जरा पाय वर करून दाखवा ना. रस कसा गळतो ते."

"नको," बाबाजी म्हणाला.

"लाजता काय? एकदाच."

"बाये, पाय वर केलो तर पडान मी."

सगळे हसले. मधुकर हसला, कमलाक्षीही पदर तोंडाला लावून हसली. बाबाजीने डावा पाय उचलून दाखवला. बाईने त्याचा व्हिडिओ घेतला आणि चार बाटल्या घेऊन ती माणसं गेली.

त्या रात्री जेवताना त्याने हातातला घास ताटात ठेवला. "डॉक्टराकडे जाऊन येतंय म्हणतंय," तो म्हणाला. "साखर बगूक."

मुलगी सेजल डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या गोळ्या पाकिटात भरायच्या कामाला होती. तिने जेवता जेवता डाव्या हाताने फोनवर नंबर लावला. "शुक्रवार, साडेधा. टोकन चौदा. बाबा, मेसेज येतलो, तो पुसून टाकू नकात."

*

साखळीच्या बाजारातलं दवाखान्याचं घर बाबाजीच्या पायाखालचं होतं. तिथे चाळीस वर्षं भोबे डॉक्टर बसायचे. दारात वहाणा काढायच्या, लाकडी बाकावर सरकत सरकत पुढे जायचं. आत गेलं की डॉक्टर आधी नाडी धरायचे आणि नाडी धरूनच गावातली खबर विचारायचे. साखरेवाल्यांसाठी त्यांनी एक बसकं स्टूल ठेवलं होतं. त्यावर पाय ठेवायचा. डॉक्टर मांडीवर पंचा अंथरून पाय उचलून घ्यायचे, बोटं एकेक करून उघडायचे, टाचणीच्या बोथट टोकाने टोचायचे. चैत्र-वैशाखात बाबाजीचा पाय हातात आला की म्हणायचे, "यंदा बोंडू बरे जाल्यात दिसता. पायांक वास येता." बाबाजीला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. धुऊनही वास जात नसे. पण पाय मागे घ्यायची सोय नसे, डॉक्टरांनी घोटा धरलेला असायचा.

भोबे डॉक्टर गेले, दवाखाना त्यांच्या मुलाने भाड्याने दिला. आता तिथे काचेचं दार होतं, पांढऱ्या लाद्या होत्या, भिंतीवर टोकनचे लाल आकडे होते.

बाबाजी त्या शुक्रवारी बूट घालून गेला. सेजलच्या मावशीच्या लग्नात घेतलेले कापडी बूट, आत मोजे, मोज्यात चिंधी. डॉक्टरकडे बूट घालून तो जन्मात गेला नव्हता. जखम कोणाला दिसू नये म्हणून बूट घातले होते, आणि डॉक्टरने बूट काढायला सांगावं म्हणून तो निघाला होता. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

दारात निळ्या प्लास्टिकच्या खोळी ठेवल्या होत्या, त्या बुटांवरून चढवायच्या. खोळी द्यायला आणि परतताना गोळा करायला शांता होती. भोबे डॉक्टरांच्या वेळी पाणी तापवायला, पट्ट्या कापायला हीच शांता असायची. आता तिच्या अंगावर निळा गणवेश होता आणि हातात लादी पुसायचा दांडा.

"बाबाजी! बूट?" ती म्हणाली. "जावय शोधूक भायर सरलास काय?"

"तुजो घो खंय आसा विचारूक इलंय," तो म्हणाला. ती हसली. त्यालाही जरा बरं वाटलं.

काउंटरवरच्या रेश्मा नावाच्या मुलीने नाव विचारलं, फोन नंबर विचारला. मग दंडाला पट्टा लावणारं यंत्र, बोटाला टोचणारं यंत्र. टोचताना तिने त्याचं बोट हातमोज्याच्या दोन टोकांत धरलं होतं. चौदाचा आकडा लागला.

डॉक्टर देवेश तरणा होता, चेहऱ्याने गोड. मेजावर मोठा पडदा होता, त्याचा उजेड चष्म्याच्या काचांवर पडला होता, त्यामुळे डोळे दिसत नव्हते.

"बाबाजी गावस?"

"होय."

"बसा. वय अठ्ठावन्न." बोटं चालत होती. "साखर दोनशे चाळीस. गोळ्या चालू आहेत ना?"

"घेतंय."

"जेवणात भात?"

"भातच."

"कमी करा." पुन्हा बोटं. कळांचा आवाज पत्र्यावरच्या पावसासारखा एकसारखा येत होता. बाबाजीने मेजाखाली उजवा पाय जरा पुढे सरकवला. खोळीतून हात घालून त्याने नाडीची गाठ सोडली. डॉक्टरने खाली बघितलं असतं तर त्याला ते दिसलं असतं. वाकण्याचीही गरज नव्हती.

"आणखी काही त्रास?"

प्रश्न पडद्याला विचारला होता. बाबाजीने मेजाच्या कडेकडे बघितलं. तो काय सांगणार होता? बोंडू मळताना झालं, हे सांगावं लागलं असतं. मग कधी झालं. मग अजून मळता का. बाहेर बाकावर लाटंबार्शातली दोन माणसं बसली होती, आणि काचेचं दार अर्धं उघडं होतं.

"नाय," तो म्हणाला.

"छान." बाजूच्या यंत्रातून कागद सरकत आला. "एक गोळी वाढवली आहे. पंधरा दिवसांनी या."

बाबाजी उठला. सुटलेली नाडी खोळीच्या आत वळवळत होती. बाहेर लाल आकडा पंधरावर गेला. दारातून निघताच खिशातला फोन वाजला. आजची भेट कशी वाटली, पाचपैकी किती तारे द्याल, असं विचारलं आहे, हे सेजलने घरी वाचून सांगितलं. तिने पाच दिले.

कागद इंग्रजीत होता. बाबाजी चहात उंडो पाव बुडवून खात होता आणि सेजल एकेक ओळ सांगत होती.

"वजन बासष्ट. प्रेशर बरा आसा. गोळ्यो तीन. पाय तपासले, होय. जखम, नाय. स्पर्श, ठीक."

उंड्याचा तुकडा चहात पडला.

"पाय बगल्यान?" कमलाक्षीने चुलीपाशी वळून विचारलं.

त्या घडीला खरं सांगायला काही लागलं नसतं. सेजलच्या हातात कागद होता, कमलाक्षीचा चेहरा समोर होता, पाय मेजाखाली होता.

"हां," बाबाजी म्हणाला. "बरो बगल्यान."

*

बरो बगल्यान म्हटल्यावर मळायला जाणं भाग होतं. एप्रिल सरत आला होता. बोंडू झाडाखाली थर लावून पडत होते, एक दिवस राहिले तर सडायचे. कमलाक्षी पहाटे काठीला खिळा लावून वेचायला जायची, नऊपर्यंत पाठीवर टोपली घेऊन यायची, मग दुपारपर्यंत बिया पिळायची. चिकाने तिच्या बोटांची कातडी सोलवटली होती. हल्ली ती बोंडू डोळ्यांपाशी नेऊन बघायची.

बाबाजी हौदात उतरायचा. चिंधी कनवटीला. रस पन्हळीतून पिंपात जायचा, पिंपातून तिसऱ्या दिवशी भाणात, भाणातून उराक होऊन बाटलीत. भट्टीत सगळं उकळतं, काही राहत नाही, असं तो मनाशी म्हणायचा. पण मधुकरने संध्याकाळी चव बघायला वाटी पुढे केली की तो म्हणायचा, "आज पोट बरा नाय." तीस वर्षांत त्याने वाटी कधी परत केली नव्हती. आता रोज परत जाऊ लागली.

मग वास यायला लागला. बोंडवाचा वास गोड आणि उग्र असतो. हा त्याच्याखालून येणारा दुसराच वास होता. दोन रात्री कमलाक्षी कूस बदलत राहिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो विहिरीवरून आला तेव्हा ती उंबऱ्यात बसली होती.

"बगूंदे तुमचो पाय."

"कित्याक?"

"वास येता."

"बोंडवाचो आसतलो."

"बोंडवाचो वास माका कळना नाय? ह्या घरात तीस वर्सां बोंडवाच्या वासातच निजलंय मां मी." ती पुढे सरकली, तिने हात केला. "दाखवा म्हणतंय."

बाबाजीने पाय मागे घेतला. इतक्या जोराने घेतला की कोनाड्याला धक्का बसून समईतलं तेल हिंदकळलं. तो आत गेला, डब्यातून कागद काढून आणला आणि तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं, त्यालाही येत नव्हतं.

"हांगा काय लिवला आसा? सेजलान वाचल्यान तां आयकलंस ना? डॉक्टरान बगल्यान, जखम नाय म्हणान लिवल्यान. तू डॉक्टरापरास शाणी?"

कमलाक्षी कागदाकडे बघत राहिली. कागदावर निळी रेघ होती, वर दवाखान्याचं चिन्ह होतं, खाली डॉक्टरचं नाव छापलेलं होतं.

"तसा नाय ओ," ती हळूच म्हणाली. "माझाच नाक गेला आसतला. दिसभर चिकात बसतंय, काय्येक कळना नाय." मग तिने कागदाची घडी घातली, पदराने पुसली आणि स्वतःच डब्यात नेऊन ठेवली. "रागावू नकात."

बाबाजी ओसरीवर बसून राहिला. त्याने बायकोवर आवाज चढवला होता, तोही एका खोट्या कागदाच्या जोरावर, आणि माफी तिने मागितली होती. पाय दुखला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. दुखण्याने ओरडता तरी आलं असतं.

*

पंधराव्या दिवशी त्याला हुडहुडी भरून ताप आला. पाय घोट्यापर्यंत सुजला होता आणि बूट चढेना. नाड्या काढून टाकून, टाच दाबून त्याने तो चढवला. मधुकरला दोन दिवस येत नाही म्हणून निरोप दिला. कमलाक्षी म्हणाली, "मी येतंय वांगडा." तो नको म्हणाला, पण बसची पायरी चढताना त्याला तिचा खांदा धरावा लागला.

दवाखाना भरलेला होता. टोकन बावीस. बाबाजी खाली बघून बसला. कमलाक्षी मांडीवर पिशवी घेऊन त्याच्या बाजूला. ती इथे पहिल्यांदाच आली होती, लाद्यांकडे बघून तिने आपले पाय बाकाखाली ओढून घेतले होते.

आत चार मिनिटंही लागली नाहीत. साखर तीनशे नव्वद. ताप आहे, अंगदुखी आहे, व्हायरल चालू आहे सगळीकडे. "आणखी काही त्रास?" बाबाजीने तोंड उघडलं. डॉक्टरच्या फोनवर घंटी वाजली, त्याने बोट वर करून थांबायला सांगितलं, फोनवर दोन वाक्यं बोलला आणि परत पडद्याकडे वळून म्हणाला, "हां, तर पाच दिवसांचं औषध देतो." बाबाजीने तोंड मिटलं. खरं तर त्याला हायसं वाटलं. कागद सरकत आला.

बाहेर येऊन त्याने दारापाशी वाकून खोळी काढल्या आणि टोपलीत टाकल्या. डावी अलगद पडली. उजवी थपकन पडली.

शांताने ती उचलली. खोळीच्या तळाला पिवळट तांबडं पाणी साचलं होतं, एका कोपऱ्यातून थेंब थेंब गळत होतं. काउंटरपासून दारापर्यंत पांढऱ्या लादीवर थेंबांची ओळ होती. बाकावरच्या एका बाईने नाकाला पदर लावला.

"कोणाचा हां?" काउंटरमागून रेश्मा ओरडली. "शांताबाय, काय सांडलं ते? पुसा आधी, पेशंट घसरतील!"

शांताने खोळ हातात तशीच धरली आणि बाबाजीकडे बघितलं. "बाबाजी, ही तुजी?"

बाकावरची सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. त्यात लाटंबार्शाचा गोकुळदास होता, मधुकरकडून दर हंगामात दहा बाटल्या नेणारा.

"नाय," बाबाजी म्हणाला. "माजी न्हय."

त्याच्या बुटातून आणखी एक थेंब लादीवर पडला.

मग बाकावरून कमलाक्षी उठली. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक झाला होता.

"त्येंचीच आसा, शांता," ती म्हणाली. "घरात पण असोच वास येता."

*

मागच्या पडवीत शांताची बालदी आणि दांडे ठेवायची जागा होती. भोबे डॉक्टरांचं बसकं स्टूल तिथे होतं. त्यावर फिनेलची बाटली ठेवलेली होती. शांताने बाटली खाली ठेवली, बाबाजीला खुर्चीवर बसवलं आणि त्याचा पाय उचलून स्टुलावर घेतला. बूट निघेना, तो तिने कात्रीने कापला. मोजा चिकटला होता, त्यावर कोमट पाणी ओतत ओतत तिने तो सोडवला. तिने नाक मुरडलं नाही, तोंड फिरवलं नाही. भोबे डॉक्टर धरायचे तसाच तिने घोटा धरला.

ते बाबाजीला दिसत होतं म्हणून कळलं. डोळे मिटले असते तर तिथे कोणाचा हात आहे हे त्याला समजलं नसतं.

चिंधी निघाल्यावर कमलाक्षी भिंतीला टेकली. भोकातून आतलं पांढरं दिसत होतं, अंगठा काळा पडला होता.

शांताने हाक मारली म्हणून डॉक्टर देवेश आला. त्याच्या मागे रेश्मा, तिच्या मागे उघड्या दारात बाकावरची चार-पाच माणसं. डॉक्टर पायाशी उकिडवा बसला. पहिल्यांदाच त्याचे डोळे दिसले, थकलेले, खाली काळी वर्तुळं असलेले.

"कधीपासून आहे हे?"

"पाडव्यापासून."

"पाडव्यापासून? तुम्ही दोनदा आलात. मी दोनदा विचारलं, आणखी काही त्रास म्हणून."

"इचारलास," बाबाजी म्हणाला.

"मग?"

कमलाक्षीने पिशवी उघडली. डब्यातला कागद तिने सोबत आणला होता. घडी उलगडून तिने तो डॉक्टरपुढे धरला, आठवड्यामागे बाबाजीने तिच्यापुढे धरला होता तसाच.

"हांगा लिवला आसा," ती म्हणाली. "पाय बगलो म्हणान. चेडवान वाचल्यान."

डॉक्टरने स्वतःचा कागद वाचला. वाचायला जितका वेळ लागतो त्याहून जास्त वेळ तो कागदाकडे बघत राहिला. मानेपासून कानापर्यंत त्याचा रंग बदलत गेला.

"ते आधीच भरलेलं येतं," तो म्हणाला. "आपण बदललं नाही तर तसंच..." त्याने कागद घडी न घालता खिशात ठेवला, रेश्माला रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं, बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला. मग कमलाक्षीला, नजर तिच्या पायांवर ठेवून म्हणाला, "अंगठा राहणार नाही बहुतेक. बाकीचा वाचतो का ते तिथे बघतील."

तो आत गेला. टोकनचा आकडा बराच वेळ तेविसावरच होता.

कमलाक्षी बाबाजीच्या बाजूला जमिनीवर बसली. "कित्यान झाला?"

सांगू नये असं त्याला वाटलं. तिला सांभाळायचं म्हणून गप्प बसलो, असंही त्याने मनाशी म्हणून बघितलं. पण ते खरं नव्हतं. तो स्वतःला सांभाळत होता.

"बी होती बोंडात. फुटली. माका कळली नाय."

कमलाक्षीने आपली सोलवटलेली बोटं बघितली. बिया ती पिळत होती. तिने डोळे पुसले नाहीत, पाणी होतं तसंच राहू दिलं.

"त्या दिसापासून मळतास?"

"हां."

"अशा पायान?"

त्याने मान हलवली.

ती उठली. दारातल्या माणसांकडे तिने बघितलं नाही. पिशवीतून फोन काढून तिने त्याच्या हातात दिला. "मधुकराक सांगा. कालचो रस भाणात ओतू नको म्हणान सांगा. पिंपातलो पण."

"घराकडे गेल्यार सांगतंय."

"आता."

बाबाजीने फोन लावला. पलीकडे भाणाखालच्या लाकडांचा तडतडाट ऐकू येत होता, कोणीतरी बाटल्या मागत होतं. "बोल रे," मधुकर म्हणाला. "ताप उतरलो? फाल्यां येतलंस मां?"

बाबाजीने सांगितलं. बी, चिंधी, भोक, किती दिवस. वाक्यं सरळ आली नाहीत, पण सगळी आली. पिंपातला रस ओतून टाक, हेही आलं. बोलताना आवाज मोठा झाला होता, कारण पलीकडे गलबला होता.

लाकूड तडतडलं. बाटल्या मागणारा माणूस दुसऱ्यांदा काहीतरी म्हणाला, त्याला मधुकरने गप्प केलं असावं. मग त्याचा आवाज आला, खाली उतरलेला, फोनच्या अगदी जवळ.

"कोणाक सांगलंस तां?"

बाबाजीने दाराकडे बघितलं. रेश्मा उभी होती. नाकाला पदर लावलेली बाई होती. गोकुळदास होता, तो बाबाजीच्या पायाकडे बघत होता आणि बघता बघता त्याने हाताच्या पाठीने ओठ पुसले.

"सगळ्यांक," बाबाजी म्हणाला.

फोन बंद झाला. शांताने पाय अजून धरला आहे की सोडला, हे बघायला त्याला मान खाली घालावी लागली.